भंडारदऱ्याच्या पाण्यावर पाच रात्री

मी चौथी शिकलेली बाई. प्रवासाचं काही लिहावं असं माझ्या डोक्यात नव्हतं. पण भंडारदऱ्याहून परत आल्यापासून दारात येणारी प्रत्येक बाई तेच विचारते आणि मी तेच सांगते. तोंड दुखलं. म्हणून एकदाच वहीत लिहून ठेवते. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी वाचावं. वाचता येत नसेल त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं.

बेलापूर ते शेंडी

बेलापूरला कालव्याखाली आमची दोन एकर जमीन आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून उसाला, घासाला, कांद्याला भंडारदऱ्याचं पाणी देते आहे. धरणातून पाणी सोडायच्या पाळीला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. आवर्तन कधी सुटणार आणि आमच्या चारीला, म्हणजे शेताकडच्या लहान पाटाला, कधी येणार, हे बघून आमच्या घरातली लग्नंसुद्धा धरली आहेत. पण ज्या धरणातून ते येतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. जायचं कारण पडलं नाही.

कारण पडलं ते भावाच्या पत्राने. माझा धाकटा भाऊ किसन तीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर गावी आला नाही, धरणाजवळ शेंडीला खोली घेतली आणि एक होडी बांधून घेतली. गावाला का येत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, तुमच्याकडे पाणी चारीत असतं, त्यात मी होडी कुठे घालू. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याचे डोळे जायला लागले. पत्र त्याने पोस्टातल्या माणसाकडून लिहून घेतलं होतं. होडी विकतोय, विकायच्या आधी एकदा येऊन बघून जा, असं.

मार्च महिना होता. श्रीरामपूरहून संगमनेर, संगमनेरहून अकोले, तिथून जीपने राजूर आणि शेंडी. जीपमध्ये अठरा माणसं आणि एक शेळी होती. शेळी शहाणी होती, माणसं नव्हती. अकोल्याच्या पुढे रान बदलतं. ऊस संपतो. भाताची कापलेली खाचरं पायऱ्यांसारखी डोंगराला लागलेली. मोहाची फुलं गळत होती, त्यांचा वास जीपमध्ये येत होता. एका बाईच्या टोपलीत नागली, म्हणजे नाचणी, होती. आमच्याकडे नागली दिसत नाही. मी विचारलं, भाकरी कशी लागते. ती म्हणाली, "भूक लागल्यावर चांगली लागती."

धरण पाहिलं. भिंत मोठी आहे. त्यामागे डोंगरांच्या मधून पाणी गेलेलं, टोक दिसत नाही. मला वाटलं, आपल्या वाट्याला येतं ते यातलं वाटीभर असेल.

शेंडी

किसन रस्त्यावर उभा होता. जयभीम घातला. त्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं, तरी त्याने मला ओळखलं. "चप्पल घासत चालणारी तू एकटीच," म्हणाला.

होडी पाहायला गेलो. अठरा-वीस फूट लांब, लाकडाची, सपाट बुडाची. मधे डोलकाठी आणि तिला शीड. मागची बाजू उघडी. पुढे फळ्यांचं खोपट, छातीएवढं उंच. खोपटात झोपायला एक फळी, एक स्टोव्ह, दोन डबे, खिळ्याला कंदील. मला आत सरळ उभं राहता आलं नाही, पण मी बाहेरही आता सरळ उभी राहत नाही.

मी आत बसले आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ बसले. बाहेरून कुणी हाक मारली नाही. चौदाव्या वर्षी लग्न झालं. सासूजवळ झोपले, मग मुलांजवळ, आता नातवंडांजवळ. घरात भांडण नाही. जागा नाही, एवढंच. सहासष्ट वर्षांत दार ओढून घ्यायला माझं असं दार नव्हतं.

बाहेर येऊन किसनला म्हणाले, "विकू नको. मला दे."

"अक्का, तुझं वय किती?"

"तू काय बाविशीचा हायस?"

"तुला शीड म्हणजे काय ते तरी ठावं हाय का?"

"तू कुटं आईच्या पोटातनं शिकून आलतास?"

मग त्याने अट घातली. शेंडीतला एक लॉजवाला ती होडी मागत होता, मुंबईच्या पाहुण्यांना फिरवायला. दोन आठवड्यांत उत्तर देतो असं किसन त्याला बोलला होता. तेवढ्यात मी शिकायचं. मग पाच रात्री होडीवर एकटीने राहायचं, शिडावर पाण्याच्या त्या टोकाला रतनवाडीपर्यंत जायचं आणि धड परत यायचं. जमलं तर होडी माझी. पावसाळ्याचे महिने त्याच्या खोलीत, बाकीचं वर्ष पाण्यावर. नाही जमलं तर लॉजवाल्याची आणि मी बेलापूरची.

आठ दिवस शिकले. गुरू आंधळा आणि शिष्य म्हातारी. काठावरची माणसं हसायला येऊन बसत. किसन पुढे बसून शिडाच्या आवाजावरून सांगायचा. फडफडलं की म्हणायचा, "ओढ." कापड ताणून मुकं झालं की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे." शिडाचा दोर म्हणजे कासरा, हे मी पहिल्याच दिवशी समजले. फार ओढला की बैल अडतो, फार सोडला की भलतीकडे जातो. सुकाणूचं मात्र उलटं आहे. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. हे अंगवळणी पडायला तीन दिवस गेले. तोवर मी दोनदा काठावर चढले आणि एकदा धुणं धुणाऱ्या बायकांमध्ये घुसले. त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

वारा समोरून असला की सरळ जाता येत नाही. घाटात एसटी जशी वळणं घेत चढते तसं डावीकडे-उजवीकडे तिरकं जायचं. प्रत्येक वळणाला शिडाची आडवी काठी या अंगावरून त्या अंगाला जाते, तेव्हा डोकं खाली घ्यायचं. चौथ्या दिवशी मी घेतलं नाही. किसनला आवाज ऐकू गेला.

"डोकं का काठी?"

"डोकं."

"काठी बघ, तडकली का."

एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही. वारा कुठून आहे हे कळावं म्हणून किसनने डोलकाठीला चिंधी बांधली होती. तिच्याकडे मी कधी पाहिलं नाही. चाळीस वर्षं खळ्यात उंचावर उभं राहून बाजरी उपणली आहे. वारा फिरला तर भुसा डोळ्यात जातो, म्हणून तो फिरायच्या आधी मानेला कळायला लागतो. किसन म्हणाला, जहाजावरच्या पोरांना हे यायला वर्ष लागतं. पोहायला लहानपणीच शिकले होते, प्रवरेत, वाळलेले भोपळे पाठीला बांधून. म्हणून बुडायची भीती नव्हती. होडी जायची भीती होती.

एकटी, पहिले दोन दिवस

शनिवारी सकाळी निघाले. बरोबर ज्वारीचं पीठ, डाळ, शेंगदाण्याची चटणी, वांगी, गूळ आणि चहा. किसन काठावर उभा राहून म्हणाला, "मुक्कामाला खोल पाण्यात नांगर टाकायचा. काठाला लागायचं न्हाई." मी हो म्हणाले.

पहिल्या दिवशी फार गेले नाही. सकाळी वारा नसतो, दुपारनंतर पश्चिमेकडून सुटतो, म्हणजे माझ्या तोंडावर. वळणं घेत घेत जेवढं पुढे जावं त्यातलं अर्धं मागे. भाकरी करताना परात हलायची, पीठ इकडून तिकडे. पहिली भाकरी पाण्यात गेली, दुसरी जळली, तिसरी खाल्ली. एक चप्पल गेली. दुसरी मीच टाकून दिली, एक ठेवून काय करायची.

दुसऱ्या दिवशी काठ आत वळलेल्या एका खोबणीत नांगर टाकून आंघोळ केली. इतका वेळ मी जन्मात आंघोळ केली नव्हती. कुणी मोरीचं दार वाजवलं नाही. मग जेवले, मग झोपले, उठून पुन्हा थोडं जेवले. समोर रतनगडाचा डोंगर होता. लोक इतक्या लांबून तो बघायला येतात. चांगला आहे. पण मला जास्त बरं वाटलं ते याचं, की मी काय करते आहे हे त्या सगळ्या पाण्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. बायकांनो, तुम्ही विचारता एकटीला करमलं का. करमलं.

रतनवाडीच्या अंगाला

सोमवारी तिसऱ्या प्रहरी टोकाला पोचले. अट अर्धी झाली. तिथे पाणी उथळ आहे, काठ आमच्या शेतासारखा सपाट आणि मऊ. वर एक लहान पाडा. एक बाई हंडा घेऊन उतरली आणि मला बघून थांबली. सोनाबाई तिचं नाव, चाळिशीची असेल.

"कोन हाय संगं?"

"कोनी न्हाई."

"मालक?"

"मेला. लई वर्सं झाली."

तिने होडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाली, "मावशी, तुमी कोन लोकं?"

"बौद्ध."

"मग आमच्यातली भाकर चालंल का तुमाला?"

हा प्रश्न आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी म्हणाले चालेल. संध्याकाळी तिच्या झोपडीत नागलीची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं. नागलीची भाकरी गोडसर लागते, आणि भूक नसली तरी चांगली लागते.

तिच्याकडे जायला सोपं पडावं म्हणून मी होडीचं तोंड गाळात घुसवलं होतं आणि काठावरच्या खुंटाला आखूड दोराने घट्ट बांधलं होतं. म्हैस बांधावी तसं. खोल पाण्यात रात्री होडी हलते, झोप मोडते. गाळात ती गपगार उभी राहिली. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. परत येऊन गाढ झोपले.

मंगळवार

सकाळी चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं तर घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. बाहेर आले. होडी एका कुशीवर कलली होती. पुढचा अर्धा भाग ओल्या चिखलात उघडा, आणि पाणी कालच्या जागेपासून मागे गेलेलं.

मी तिथेच उभी राहिले. सोमवार. आवर्तन सुटायचा सोमवार. घरून निघताना मीच मुलाला बजावून आले होते, की येता सोडून पुढच्या सोमवारी धरणातून पाणी सुटेल, चौथ्या-पाचव्या दिवशी आपल्या चारीला येईल, वाफ्यांची दारं नीट करून ठेव, उसाला आधी दे. पन्नास वर्षं पाणी कधी येतं तेवढंच मोजलं. ते कुठून तरी जातं, हे डोक्यात आलं नाही. माझ्याच उसाला निघालेलं पाणी माझ्याच बुडाखालून चाललं होतं.

आवर्तन एका दिवसाचं नसतं. पंधरा-वीस दिवस चालतं. म्हणजे होडी आज निघाली नाही तर उद्या पाणी आणखी लांब जाणार, परवा आणखी. मग पाऊस पडून धरण भरेपर्यंत होडी तिथेच उन्हात तडकत पडली असती. आणि मी बेलापूरला.

पाण्याच्या कडेला काडी रोवली. होडीतले डबे, अंथरूण, स्टोव्ह सगळं बाहेर काढलं. तळाला वजनासाठी दगड ठेवलेले असतात, तेही एकेक करून काढले. तेवढ्यात काडी बोटभर कोरडी झाली आणि काठ हातभर मागे गेला. ढकलून पाहिलं. घराला ढकलल्यासारखं वाटलं.

एकटीने, अशी अट होती. मी थोडा वेळ त्या अटीचा विचार केला. फार नाही. पाड्यावर जाऊन सोनाबाईला म्हणाले, "फावडं हाय का?"

"कशाला?"

"होडी रुतली."

ती आणि तिची जाऊ, दोघी फावडी घेऊन आल्या. जाऊ होडी बघून म्हणाली, "जनावर रुतलं की शेपूट पिरगाळत्यात. हिला शेपूट कुटंय?"

"हे काय," म्हणून मी सुकाणू दाखवलं. "पन पिरगाळू नको. मोडलं तर भाऊ मला पिरगाळंल." सुकाणू काढून बाजूला ठेवलं.

रुतलेली होडी काढणं मला येत नाही. पाणी आणणं येतं. आजवर रानात पाण्याची दारं धरली आहेत ती काय उगाच. होडीच्या बुडाच्या दोन्ही अंगांनी चर धरले आणि मागे धरणाच्या पाण्यापर्यंत नेले, आमच्या चारीसारखे, पण चराचा तळ पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवून. धरणाचं पाणी आत यायला लागलं. बुडाखाली गाळ पातळ झाला. सोनाबाईच्या जावेने भाताचा पेंढा आणून बुडाच्या मागे अंथरला. मी नांगर उचलून छातीभर पाण्यात गेले, तिथे टाकला आणि त्याचा दोर होडीच्या मागच्या खुंट्यावरून फिरवून आणला. मोकळं टोक ओढलं की नांगर खाली रुततो आणि होडी त्याच्याकडे येते. हे किसनने शिकवलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, याचं काय काम पडणार.

तिघींनी ओढलं. हलली नाही. आणखी खणलं. ओढलं, हलली नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, काडी चार बोटं कोरडी होती. सोनाबाई म्हणाली, "मावशी, जाऊ द्या. पावसात काढू."

"पावसापरेंत मी ऱ्हानार न्हाई."

"का, मरताय का काय?"

"न्हाई. सुनंकडं जाते."

दोघी हसल्या आणि हसता हसताच ओढलं. तेव्हा होडी हलली. वीतभर. मग थांबू दिलं नाही. वीत, हात, दोन हात, आणि एकदम हलकी झाली. दोर सैल पडला आणि आम्ही तिघी पाण्यात बसलो. त्या लगेच उठल्या. मी बराच वेळ बसून राहिले. रडले वगैरे नाही.

होडी खोल पाण्यात नेऊन नांगर टाकला. मग दोघींना वर घेतलं आणि ज्वारीच्या भाकरी, वांगी करून जेवायला घातलं. सोनाबाई लग्न झाल्यापासून तिथेच, पण पाण्यावर बसून घराकडे पहिल्यांदाच बघत होती.

"खाली तुमच्याकडं ऊस लई असंल," म्हणाली.

"असतो."

"आमच्या दारात पानी आन् हंडा डोक्यावर. ह्या उतारावर शेताला कुटलं चढायचं. ते तुमच्याकडंच जातं."

मी तिला भाकरी वाढली.

परत

चौथी आणि पाचवी रात्र मी खोल पाण्यात काढली. होडी हलली तर हलू दिली. सकाळी काठाकडे बघायची सवय लागली. काठाला ओल्या मातीचे पट्टे पडतात, ते बघून पाणी किती गेलं ते कळतं.

गुरुवारी दुपारी निघाले. येताना वारा पाठीशी होता. जाताना ज्याला तीन दिवस लागले ते एका दुपारीत संपलं. शीड पूर्ण उघडून सुकाणू धरून बसायचं, बस. वाटेत मी शेंगदाणे खाल्ले.

किसन काठावर होता. शिडाचा आवाज ऐकून म्हणाला, "आलीस."

"आले. पन एकटीनं न्हाई आले. होडी गाळात बसली हुती. दोन बायांनी काढली. अट मोडली तुजी. आता काय ते तू ठरव."

"पाच रात्री ऱ्हायलीस का?"

"ऱ्हायले."

"पाण्यात?"

"चार पाण्यात. एक गाळात."

तो खाली बसला आणि हसायला लागला. पोट धरून हसला. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी मी एकोणीस दिवस गाळात हुतो. लॉजवाल्याचा ट्रॅक्टर आणून होडी काढली. तीस वर्षं समुद्रावर काढली, लोकाला तोंड दाखवायची लाज वाटायची."

मला राग आला. "मग सांगायला काय झालं हुतं? पानी उतरतं म्हणून?"

"अक्का, तू बेलापूरची. पानी कवा सुटतं हे तुला मी सांगायचं?"



संध्याकाळी लॉजवाला आला. किसनने त्याला चहा पाजला आणि होडी विकायची नाही असं सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी चालवणार?" किसन म्हणाला, "बिघाड तिच्या हातून झाला, दुरुस्ती पण तिच्याच हातून झाली. तुझ्याकडं दोन्हीला मानसं लावावी लागतील." शेंडीत नवा एसटीडी बूथ झाला आहे. तिथून श्रीरामपूरला ओळखीच्या दुकानात फोन करून घरी निरोप ठेवला, की येते आहे, पण राहायला नाही.

बेलापूर

घरी आले तेव्हा आमच्या चारीला पाणी चालू होतं. मुलगा पायात चिखल घेऊन बांधावर उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी नाही म्हणाला, मग लोक काय म्हणतील म्हणाला, मग पाण्याचं दार फिरवायला गेला. त्याला वेळ लागतो.

सून लवकर समजली. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, तुमची पेटी नेनार का हितंच ठेवनार?" मी म्हणाले नेणार. तिने मान हलवली. तिला हायसं वाटलं. मलाही वाटलं. ते आम्ही एकमेकींना बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्रीची आमटी चांगली झाली होती.

सोमवारी मी निघणार आहे. काल मुलगा जवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आई, पुढचं आवर्तन सुटलं की तुला तिथं आमच्या आदी कळंल न्हाई का?"

"कळंल."

"मग फोन करून कळवशील?"

"कळवीन की," मी म्हणाले. "आदी होडी हलवीन, मग फोन करीन."